आधी पान, मग पाय

फौजदार पोलिसात नव्हता. लिफ्ट दुरुस्त करायचा. हे नाव त्याला शहरातल्या लिफ्टवाल्यांनी ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माणसाला काय काय आवडेल सांगता येत नाही.

हे सगळं इंटरनेटवरच्या त्या विकीपायी झालं. फौजदारानं आणि त्याच्या धाकट्या भावानं मिळून लिफ्टवाल्यांसाठी तो सुरू केला होता. प्रत्येक इमारतीला एक पान. कुठल्या लिफ्टचा ब्रेक घसरतो, कुठल्या मशीन रूममध्ये गांधीलमाश्या आहेत, कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी दुरुस्तीचं नाव काढलं की अंगावर धावून येतो, सगळं त्यात. कुणीही यावं आणि लिहावं. आधीचा मेकॅनिक काय करून गेलाय हे पुढच्याला कळलं नाही तर पुढचा मरतो, इतका सरळ मामला. त्यामुळे या लोकांत एक रीतच पडून गेली: आधी पान, मग पाय. फोनवर इमारतीचं पान बघितल्याशिवाय शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, कुणी पाऊल टाकायचं नाही.

आणि मग घाण आली. सकाळी पान उघडावं तर ब्रेकच्या माहितीखाली मर्दानी ताकदीच्या गोळ्या! मोटरच्या पानावर जुगाराचे अड्डे, तीन दिवसांत टकलावर जंगल उगवणारी तेलं. फौजदार पुसायचा, ती पुन्हा यायची. पुसून पुसून त्याच्या नाकी नऊ आले. तरी तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण कुणा रिकामटेकड्याला गंमत सुचली. 'शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यातला स्विच चालत नाही' असं एका पानावर होतं, त्याचं त्यानं 'चालतो' केलं. ते पान वाचून खाली उतरले काका.

काका म्हणजे या दोघा भावांचे उस्ताद. पाना धरायला शिकवलं ते त्यांनी. स्विच बंद केला असं समजून त्यांनी दोरखंडाच्या चाकाला हात लावला आणि चाक फिरलं. दोन बोटं गेली. फौजदारानं ती खड्ड्यातल्या ग्रीसमधून वेचली, रुमालात बांधली, दवाखान्यात पळवली. डॉक्टरनं रुमाल उघडून बघितला आणि पुन्हा बांधून परत दिला.

त्या दिवसापासून फौजदाराचं डोकं फिरलं. फिरणारच हो, कुणाचं फिरलं नसतं? त्यानं विकीला कुलपांवर कुलपं घातली. नवीन माणसानं काहीही लिहिलं तरी ते पानावर दिसायचं नाही, आधी रांगेत जायचं. लिखाणात कुठली लिंक असली किंवा फोन नंबर असला तर थेट संशयितांच्या टोपलीत. फौजदाराच्या स्वतःच्या खात्यालाही असं कुलूप, की पासवर्ड टाकला तरी त्याच्या फोनवर कोड आल्याशिवाय आत जाता येऊ नये.

"अरे, नवी पोरं लिहायला येतात आणि दारातनंच परत जातात," धाकटा म्हणाला. "लिहून आठवडा झाला तरी दिसत नाही म्हटल्यावर कोण लिहील पुन्हा?"

"नको लिहू दे."

"मग विकी कशाला म्हणायचं त्याला? तुझी डायरी म्हण!"

"काकांची बोटं तू वेचलीस का रे?" फौजदार उठला. "वेचलीस का? मग तोंड बंद ठेव."

"बोटं काकांची गेली आणि अक्कल तुझी गेली!"

फौजदारानं त्याच्या कानाखाली जाळ काढला. धाकटाही काही हात बांधून उभा राहणाऱ्यातला नव्हता. त्यानं भावाची गचांडी धरली आणि त्याला टेबलावर आडवा घातला. खुर्ची मोडली, चहाचे कप फुटले, फौजदाराचा ओठ फाटला. धाकट्याची बायको आतून धावत आली आणि दोघांच्या मध्ये पडली. "लाज वाटत नाही? पोरं बघतायत!" ती किंचाळली, तेव्हा कुठं हाणामारी थांबली. धाकटा धापा टाकत म्हणाला, "तूच सांभाळ तुझी चौकी. मी हात लावणार नाही." आणि खरंच त्यानं लावला नाही. तेव्हापासून भाऊ भावाशी कामापुरतंही धड बोलेना.

आता रांग वाचायला एकटा फौजदार. दिवसभर शाफ्टमधलं काम, आणि घरी आलं की शेकड्यांनी साचलेला तो कचरा. सुरुवातीला तो एकेक वाचायचा. मग वरवर चाळायला लागला. मग संशयितांची टोपली उघडायची, 'सगळे निवडा' दाबायचं, 'पुसा' दाबायचं आणि जेवायला बसायचं, असं चालू झालं. पानं मात्र आरशासारखी लख्ख. "फौजदारानं तपासलंय म्हणजे डोळे मिटून पाय टाका," असं काकाही सगळ्यांना सांगायचे.

एके दिवशी दोघं भाऊ कापडाच्या एका मोठ्या गोदामात गेले. मालाची लिफ्ट मधेच अडत होती. तिच्या डब्याच्या छतावर उतरून बघायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर धाकट्यानं किल्ली लावून दार उघडलं. डब्याचं छत उंबऱ्याच्या बरोबर पातळीला होतं. लिफ्टचं दार उघडं असलं की वीज तुटते आणि डबा जागचा हलत नाही, हे लिफ्टवाल्याच्या रक्तातच असतं. छतावर पाय टाकायचा, लगेच वाकून तिथलं डबा रोखायचं लाल बटण दाबायचं, मग काम.

"पान बघितलंस?" धाकट्यानं विचारलं. इतक्या दिवसांत त्यानं भावाला आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट होती.

फौजदाराच्या हातात फोन होता. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. "बघितलं. कोरं आहे. टाक पाय."

धाकट्यानं पाय टाकला. तो बटणाकडं वाकतोय तोच वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि डबा उघड्या दारानिशी वर निघाला. धाकट्याचा एक पाय छतावर, एक उंबऱ्यावर. तो मागे पडला, पण छतावरचा पाय काही निघाला नाही. तो डब्याबरोबर वर गेला आणि दाराच्या वरच्या लोखंडी पट्टीखाली सापडला. आवाज झाला. फौजदारानं आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले होते, पण हाड मोडल्याचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. धाकट्यानं जी बोंब मारली ती चारही मजल्यांवर ऐकू गेली.

फौजदारानं त्याला काखेत धरलं तेव्हा हातातला फोन शाफ्टमध्ये गेला. हमालांच्या हवाली भावाला करून तो जिन्यानं वर पळाला, मशीन रूमचं दार लाथेनं उघडलं, मेन स्विच खाली ओढला. ब्रेक सोडून हातानं चाक फिरवलं तेव्हा डबा बोटा-बोटानं खाली आला आणि धाकट्याचा पाय सुटला. पाय कसला? पायजम्याच्या नळीत नुसता लगदा होता.

वरून निघता निघता फौजदाराला पॅनेलमध्ये ती दिसली. लाल तार. दाराच्या लॉकची दोन टोकं कुणीतरी तारेनं जोडून टाकली होती, म्हणजे दार उघडं असो की बंद, लिफ्टला आपली चालायची मुभा. लॉकचा नवा भाग येईपर्यंत मेकॅनिक चाचणीपुरती अशी तार लावतात, पण लावली की ती पानावर लिहायचीच. ज्याच्या अंगात माणसाचं रक्त आहे तो लिहितोच.

"कुणी लावली ही?" त्यानं पहारेकऱ्याला भिंतीला दाबून विचारलं.

"मला काय माहीत, साहेब? परवा दुसऱ्या कंपनीचा मेकॅनिक आला होता. नवीन आहे. चष्मेवाला."

धाकट्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याची बायको आली. तिनं रडारड केली नाही. नवऱ्याचा पाय बघितला, पांढरीफटक पडली आणि दिराकडं वळून म्हणाली, "भावोजी, हे ज्यानं केलं त्याला सोडू नका."

"नाही सोडत," फौजदार म्हणाला.

चष्मेवाल्याच्या कंपनीचं वर्कशॉप गोदामापासून दोन गल्ल्या सोडून होतं. तो एकटाच बाकावर बसून एक मोटर उघडत होता. तिशीचा, सडपातळ. फौजदाराला बघून तो हसत उठला, कारण विकीवाले मोठे मेकॅनिक म्हणून तो याला ओळखत होता. "या ना, दादा—"

फौजदारानं त्याला दुसरा शब्द बोलू दिला नाही. बाकावरचा मोठा पाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. चष्मा उडाला. माणूस कोलमडला तसा फौजदारानं त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. "तार लावतोस? हरामखोरा, तार लावतोस आणि लिहीत नाहीस? माझ्या भावाचा पाय गेला! जिवंत सोडणार नाही तुला!" तो बरळत होता आणि हाणत होता. हाणताना त्याला सुख होत होतं हे लपवण्यात अर्थ नाही. इतके दिवस पडद्यामागच्या, तोंड नसलेल्या लोकांशी भांडून तो शिणला होता, आणि आता एकाचं तोंड त्याच्या हाताशी आलं होतं.

"लिहिलं होतं!" चष्मेवाला डोक्यावर हात धरून ओरडला. "आईशप्पथ लिहिलं होतं!"

"खोटं बोलतो!" पाना कोपरावर बसला.

"दोनदा लिहिलं! मेन बंद करून पाटी लावली होती, पण तो गोदामाचा मालक ती काढून टाकील असं वाटलं, म्हणून लिहिलं. तारेचा फोटो टाकला, त्याची लिंक दिली. दिसलं नाही पानावर. म्हणून पुन्हा लिहिलं, खाली माझा फोन नंबर टाकला, काही शंका असली तर विचारा म्हणून..."

लिंक. फोन नंबर.

फौजदाराला कळलं. त्या क्षणी, पाना वर उचललेला असतानाच त्याला सगळं कळलं. टोपली, सगळे निवडा, पुसा, जेवायला बसा. आणि कळल्यावरही त्यानं तो पाना खाली आणला. हातातून सुटला बिटला नाही. नेम धरून आणला. कारण हा माणूस खरं बोलत असेल तर पाय कुणी तोडला? तो घाव चष्मेवाल्याच्या मनगटावर बसला आणि मनगट मोडलं.

मग फौजदारानं पाना टाकला आणि तिथंच मटकन खाली बसला.

चष्मेवाला बराच वेळ नुसता कण्हत पडला होता. मग त्यानं रक्त थुंकलं आणि पहिलं काय विचारावं? "तार काढलीत ना?"

"काय?" फौजदारानं विचारलं.

"अहो, काढलीत ना तार?"

काढली नव्हती. मेन ओढला होता, भावाला खाली आणलं होतं, दवाखाना, मग डोक्यात राख घालून हा इथं. तार तिथंच होती, आणि ती आहे हे फौजदारानंसुद्धा पानावर लिहिलं नव्हतं.

"मालकाला फोन लाव," तो म्हणाला.

चष्मेवाल्यानं चांगल्या हातानं फोन लावला. पलीकडं मालक खेकसला, "तुम्हां लोकांच्या नादानं माझा माल अडकलाय! दुसरा मेकॅनिक बोलावलाय मी. आलाय तो, मेन चालू केलाय. तुमचं काही नको," आणि फोन आपटला. पुन्हा लावला तर उचलेना.

"पानावर लिहा!" चष्मेवाला म्हणाला. "जो आलाय तो पान बघेल. घ्या, माझ्या फोनवरनं लिहा."

फौजदारानं फोन घेतला. स्वतःच्या खात्यात शिरायला बघितलं, तर कोड त्याच्या फोनवर गेला, आणि तो फोन शाफ्टच्या तळाशी. मग चष्मेवाल्याच्या खात्यातून रक्तानं चिकट झालेल्या बोटांनी त्यानं लिहिलं: तार आहे, पाय टाकू नका. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, त्यानं स्वतःच बसून लिहिलेली: 'आपण नवीन आहात. आपलं लिखाण तपासणीसाठी रांगेत आहे. कृपया वाट पाहा.'

रांग तपासणारा जगात एकच माणूस होता आणि तो स्वतःच्याच कुलपाबाहेर उभा होता.

त्याच्या तोंडून जी शिवी निघाली ती इथं लिहिण्यासारखी नाही. बाहेर चष्मेवाल्याची स्कूटर होती. फौजदारानं ती चालू केली तर चष्मेवाला मोडका हात पोटाशी धरून मागे बसला. "तू कशाला? पड इथंच!" फौजदार ओरडला. "तार माझी आहे," तो म्हणाला. आणखी काही बोलायला वेळच नव्हता.

गोदामात तिसऱ्या मजल्यावरची फरशी धुऊन घेतली होती. रक्ताचा मागमूस नाही. दार उघडं, आणि दारात काका. त्यांना कुणी काही म्हणता काही सांगितलं नव्हतं. तीन बोटांच्या हातात फोन धरून त्यांनी पान वाचलं, समाधानानं मान हलवली, फोन खिशात ठेवला आणि उजवा पाय उचलला.

हाक मारून भागणार नव्हतं. काकांना कमी ऐकू यायचं. फौजदार जिन्यावरून सुटला तो थेट त्यांच्या अंगावर. कॉलर धरून त्यानं त्यांना मागे खेचलं आणि स्वतःच्या वजनानिशी फरशीवर आपटलं. ज्यानं आपल्याला पाना धरायला शिकवलं त्या म्हाताऱ्याचं डोकं त्यानं असं आपटलं की दात ओठात रुतून रक्त आलं. त्यांच्या डोळ्यांदेखत डबा हलला आणि उघड्या दारासमोरून वर गेला.

काका तोंड दाबून त्या डब्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण पान तर कोरं होतं रे."

चष्मेवाला एका हातानं कठडा धरत वर गेला आणि त्यानं तार उपटून काढली.

फौजदार दवाखान्यात परत आला तेव्हा धाकट्याचा पाय गुडघ्याखाली काढून टाकला होता. तो शुद्धीवर होता. चादर एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला सपाट. बायको उशाशी बसली होती.

"सापडला?" तिनं विचारलं.

"सापडला."

"मारलंत?"

"मारलं. हात मोडला त्याचा." फौजदार पलंगापाशी उभा राहिला. "त्यानं लिहिलं होतं. दोनदा लिहिलं होतं. मी न वाचता पुसलं. खरं काय ते कळल्यावरही मी त्याला हाणलं. आणि तार तिथंच विसरलो, त्याच दारात काका पाय टाकत होते."

ती उठली. हाताशी पाण्याचा स्टीलचा थर्मास होता, तो तिनं उचलला आणि दिराच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. त्यानं हात आडवा धरला नाही. ती दुसऱ्यांदा उगारणार तोच धाकटा म्हणाला, "थांब. मला दे तो."

"तुला उठवत नाही, कसा मारशील?" ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

फौजदार वाकला. धाकट्याचा हात पोचेल इतकं डोकं खाली आणून उभा राहिला. धाकट्यानं थर्मास घेतला नाही, मोकळ्या हातानं त्याच्या गालावर मारलं. दोन महिन्यांपूर्वी ज्या हातानं त्यानं भावाला टेबलावर आडवा केला होता, तोच हा हात. औषधांनी त्यात काही त्राण उरलं नव्हतं. लहान मुलानं मारल्यासारखा लागला. बायकोच्या थर्मासापेक्षा फौजदाराला तेच सहन झालं नाही.

"मार ना!" तो म्हणाला. "नीट मार!"

"काका वाचले?" धाकट्यानं विचारलं.

"वाचले."

धाकट्यानं नजर छताकडं वळवली. मग म्हणाला, "विकीचं दार सताड उघडं टाकायचं म्हणत होतो ना मी? तसं नाही चालणार. काकांची बोटं तशीच गेली. पण लिहिलेलं वाचल्याशिवाय पुसायचंही नाही. एकेक वाचायचं. गोळ्या असोत की तेलं असोत, एकेक."

"कोण वाचणार रे एवढं?"

"मी वाचतो," धाकटा म्हणाला. "बसूनच करायचं काम आहे ना ते? मला आता दुसरं काय जमणार आहे?"

फौजदार तिथंच फरशीवर बसला, पलंगाच्या दांड्याला कपाळ टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागला. आवाज ऐकून नर्स धावत आली. धाकट्याच्या बायकोनं तिला दारातच अडवलं आणि सांगितलं, "राहू द्या. घरचेच आहेत ते."